चर्चच्या गेटवरची संत्रेवाली

आज चर्चच्या गेटवर जे पाहिलं ते डोक्यातून जातच नाहीये. सर्व्हिस सुटली आणि आपल्याच एक बाई, बगलेत बायबल, टोपलीतली मृगाची संत्री दाबून दाबून पाहून राहिल्या होत्या. वीस रुपयांवरून वाजलं न त्या म्हातारीला सरळ 'चोर' म्हणाल्या. चोर! दहा मिनिटांआधी याच बाई प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीतली भाकर न द्राक्षरस, घेऊन डोळे पुसत होत्या.

मला बाबा आठवले. मी सहावीत असेन, सायकलरिक्षाने सदरला चर्चला आलो आणि दोन रुपयांसाठी बाबा रिक्षावाल्यावर नको ते बोलले. आत पाळकांनी बायबलमधला मत्तयचा ५वा अध्याय वाचला, दान वेदीपाशी आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. बाबा उठले न थेट बाहेर. प्रभुभोजन चुकलं त्यांचं.

लेंट, ईस्टरआधीचे उपासाचे दिवस, चालू आहे, सावजी मटण सोडलं म्हणून आपण एकमेकांना कौतुकाने सांगतो, पण जिभेचा उपास कोण करते? मिशनरी हिस्लॉप साहेब १८४५ साली इथे नागपुरात आले, मराठी शिकले, १८६३ मध्ये टाकळघाटहून परतताना पुरात बुडून गेले, हे प्रत्येक कार्यक्रमात अभिमानाने सांगतो आपण. अरे पण त्या संत्रेवालीला येशू कोणाच्या तोंडून कळणार, आपल्याच न?

हो, भावताव सगळेच करतात, मीही करते. एखादं संत्रं आतून सुकं निघतंही. म्हणून चोर?

बाबा दीड तासाने परत आले, शर्ट पाठीला चिकटलेला. स्टँडवर तो रिक्षावाला नव्हता म्हणून गड्डीगोदामपर्यंत पायी गेले होते. त्याने दोन रुपये घेतलेच नाहीत, उलट बाबांना चहा पाजला. आईला हे सांगताना बाबांचा आवाज भरून आला होता, तसा आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही.

आणि आज मी? दोन हातांवर उभी होते, एक शब्द बोलले नाही. ती पदराने एकेक संत्रं पुसून परत टोपलीत रचत होती, मी स्कूटीची चावी शोधत होते.

संध्याकाळी ती 'मंगळवारी' नावाच्या बाजारात बसते, मला माहीत आहे. निघतेय आता.