पूर्ण तिकिटाचा ढोलू

मी ढोलू निघालो. भीम नाही, राजू नाही, जग्गू माकडसुद्धा नाही. ढोलू. आणि तेही गंगाखेडला, साडूच्या वास्तुशांतीत, सासरच्या सगळ्या गोतावळ्यासमोर, उपाशीपोटी.

झालं एवढंच की लाइट गेलेली, होम काही आटपत नव्हता, आणि साडूची आठवीतली लेक मोबाइल घेऊन आली. "काका, छोटा भीममधले तुम्ही कोण, बघू या?" मी म्हटलं, बघ. सुट्टीत काय करता, भांडण झालं तर काय करता, शेवटचा एकच लाडू उरला तर काय करता, असले प्रश्न. लाडवाच्या प्रश्नाला मी "मित्राला अर्धा देईन" हे उत्तर दिलं होतं, याची नोंद असावी. तरी निकाल आला: "अभिनंदन! तुम्ही आहात ढोलू!"

ज्यांच्या घरात लहान पोरं नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 2008 पासून टीव्हीवर ढोलकपूर नावाचं राज्य आहे. तिथे नऊ वर्षांचा भीम लाडू खाऊन राक्षसांना लोळवतो. दहा वर्षांचा कालिया त्याच्यावर जळतो. आणि कालियाच्या मागे ढोलू-भोलू हे जुळे असतात. कालियाकडे निदान स्वतःचा जळफळाट तरी आहे. ढोलूचं स्वतःचं असं काय आहे? एक भोलू. तोही हुबेहूब त्याच्यासारखा.

त्यात हा भीम हैदराबादेत तयार होतो. आम्ही मराठवाड्यातली माणसं 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबादच्या राज्यातून सुटलो. दरवर्षी मी इस्त्रीचा शर्ट घालून मुक्तिदिनाच्या झेंडावंदनाला जातो. ते काय तिथल्या कार्टूनवरून स्वतःची लायकी ठरवून घ्यायला? (चाचणी भलत्याच कुठल्या तरी वेबसाइटची होती, हे मान्य. पण राग आला की माणूस एवढा तपशील बघत नाही.)

तरी हे सगळं मी गिळलं असतं. पण शेजारच्या खुर्चीत मामा होते.

मामा म्हणजे बायकोचे मामा. एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. नोकरीतली बरीच वर्षं परळी-अंबाजोगाईच्या बाजूला गेली. त्या दिवशी आहेर लिहून घ्यायचं काम त्यांच्याकडे होतं. वहीत नाव टिपायचे आणि नोट उभी दुमडून डाव्या हाताच्या बोटांच्या बेचक्यात खोचायचे. पाचशेच्या वेगळ्या, शंभराच्या वेगळ्या. निकाल ऐकून त्यांनी पेन कानावर ठेवला.

"ह्यो ढोलू कोण?"

"आजोबा, तो कालियाच्या मागं मागं हिंडतो," पोरगी म्हणाली.

"अन् काम काय करतो?"

"काही नाही."

मामांनी मला एकदा डोक्यापासून पायापर्यंत पाहून घेतलं. "वय किती?"

"माझं?"

"तुमचं कामून विचारीन, जावाईबापू? ढोलूचं."

"असेल आठ-नऊ वर्षांचा."

"अर्धं तिकीट," मामा म्हणाले. सवयीने त्यांचा अंगठा नसलेल्या मशिनीवर दाबलासुद्धा गेला. "अन् दोघं सारखेच दिसतात म्हणता? मंग एकाच अर्ध्या तिकिटावर दोघं जात असतील. आमच्या गाडीत अशी जुळी लई यायची. एक पुढच्या शिटावर, एक मागं. मागच्याला विचारलं की म्हणायचं, माझं पुढंच काढलंय की!"

मी म्हटलं, मामा, तो विषय सोडा. विषय सुटायच्या ऐवजी माझ्याकडेच वळला.

"पर तुम्ही काय अर्ध्या तिकिटाचे नाहीत, जावाईबापू. आता बघा. पोरांना अर्धं. पंच्याहत्तरीच्या वरच्यांना 2022 पासून फुकट. बायांना 2023 पासून अर्धं. मंग गाडीत पूर्ण तिकिटाचा माणूस राहिला कोण? तुम्ही! पैसे पूर्ण द्यायचे, जागा दुसऱ्याला द्यायची, अन् दांडी धरून उभं राहायचं. त्यालाच ह्या मोबाइलात ढोलू म्हणत असतील."

सगळा मांडव हसला. आतून बायकोचं हसणं मला वेगळं ओळखू आलं. सवलतीबद्दल माझी काही तक्रार नाही. बायको अर्ध्या तिकिटात माहेरी जाते, त्यात माझ्याच खिशाचा फायदा आहे. पण मामा बोलले ते लागलं. कुठल्याही योजनेची यादी लागली की तिच्यात माझं नाव नसतं. शेती नाही म्हणून विमा नाही, म्हातारा नाही म्हणून पास नाही, पगार आहे म्हणून बाकी काहीच नाही. वर्गणीची यादी निघाली की मात्र पहिलं नाव माझं. चाळिशी-पन्नाशीच्या माणसाला कुणी शिव्यासुद्धा देत नाही हो, नुसतं "पुढं सरका" म्हणतात.

असो. मग मामांनी स्वतः चाचणी दिली.

"मित्र संकटात सापडला तर?"

"आधी विचारीन, सुट्टे हायत का."

"जंगलात वाट चुकली तर?"

"चुकंल कशी? गाडीला बोर्ड राहतो."

"तुमची सगळ्यात मोठी ताकद?"

मामांनी छाती पुढे काढली. "घंटी! मी दोरी वढल्याबगर गाडी हलत नव्हती. मंग आत आमदार बसलेला असो."

यातलं एकही उत्तर पर्यायांत नव्हतं. पोरगी आपल्या मनाने बटणं दाबत होती. "शूर" दाबताना मी डोळ्यांनी पाहिलं. माझ्या वेळी ही उदारता कुठे गेली होती कोण जाणे. मामा भीम निघाले.

पंगतीत वाढप्यांनाही बातमी कळलेली. "भीमदादाला लाडू!" म्हणत मामांच्या पानावर बुंदीचे लाडू पडत राहिले. माझ्यापर्यंत येईस्तोवर परात रिकामी. "आणतो" म्हणून गेलेला पोरगा अजून यायचा आहे.

जेवण झाल्यावर मी मामांना शास्त्र सांगून पाहिलं. अमेरिकेत 1948 सालीच बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 39 विद्यार्थ्यांची अशी चाचणी घेतली. मग प्रत्येकाला "हा तुझा स्वभाव" म्हणून कागद दिला. कागद सगळ्यांना एकच, आणि वाक्यं राशिभविष्याच्या पुस्तकातली. तरी पोरांनी त्याला पाचपैकी सरासरी चाराच्या वर गुण दिले. म्हणजे या चाचण्या सगळ्या थापा.

मामा सुपारी कातरत ऐकत होते. "39 पोरं? तेवढी तर आमच्या गाडीत नुसती उभी राहायची. अन् त्यांना सगळ्यांना एकच कागद भेटला म्हणता ना? आपल्याला वेगळंवेगळं भेटलं. मला भीम, तुम्हाला ढोलू. मंग आपलं खरं हाय."

यावर फोररकडेही उत्तर नसतं.

खरी गंमत पुढे आहे. निकाल बघायला त्या वेबसाइटने मोबाइल नंबर मागितला होता, आणि पोरीने तो माझा टाकला. मामांच्या वेळीसुद्धा माझाच. तेव्हापासून मला प्लॉट, कर्ज आणि गुडघेदुखीचं तेल विकणाऱ्यांचे फोन येतात. ही तऱ्हा नवी नाही. 2018 साली फेसबुकवरच्या लोकांची माहिती परस्पर नेल्याचं जे प्रकरण उघडकीला आलं, त्याच्या मुळाशी असलीच एक स्वभावचाचणी होती. भारतात त्या चाचणीचं ॲप घेतलं होतं अवघ्या 335 जणांनी, आणि माहिती गेली असावी अशांचा आकडा फेसबुकनेच दिला 5 लाख 62 हजारांवर. हौस 335 जणांची. बाकीचे बिचारे कुणाच्या ना कुणाच्या मैत्रीत होते, एवढाच त्यांचा गुन्हा. सगळे ढोलू.

साडूने मात्र त्या दिवशी चाचणी दिली नाही. घरचा कर्ता, त्याला वेळ कुठला! पण पाहुणे गेल्यावर पप्पांनी रात्री गच्चीवर एकट्याने ती दिली, अशी खबर पोरीने मला कळवली आहे. निकाल तिलाही सांगितला नाही म्हणे. मी फोन करून विचारलं, तर "असल्या फालतू गोष्टींना वेळ नाही आपल्याला" म्हणून त्याने इतक्या घाईने फोन ठेवला की भोलू कोण, हा प्रश्न माझ्यापुरता निकालात निघाला.