गोपनीय मिसळ

मिसळ खाऊन झाली होती. उपाशी असतो तर ताट ठेवून सरळ निघून आलो असतो. पण पोटात दोन वाट्या तर्री, हातात बायकोसाठी पार्सल, समोर गल्ला आणि मागे नाशिकच्या मखमलाबाद रोडवरची रविवार सकाळची रांग. बिल दोनशे साठ.

फोनबद्दल थोडक्यात. महिन्याभरापूर्वी मला गोपनीयतेचा झटका आला आणि पुतण्याच्या नादी लागून मी ग्राफीनओएस टाकून घेतलं. गुगलच्या नजरेतून सुटण्यासाठीची ही सिस्टिम आजवर गुगलच्याच पिक्सेल फोनसाठी बनत आलीय. म्हणजे सासुरवास नको म्हणून सासूच्याच वाड्यात खोली घ्यायची, फक्त कडी आपली. त्यात एक सोय अशी की पिनचे आकडे दर वेळी जागा बदलतात. मागच्याने बोटांवरून पिन ओळखू नये म्हणून.

मागच्याने पिन ओळखला नाहीच. त्याने मलाच ओळखलं नाही.

"तुमचाच आहे ना फोन?"

बर्म्युडा, हातात कापडी पिशवी, पिशवीतून डोकावणारी कोथिंबीर. मी चष्मा कपाळावर चढवून चार कुठे गेला ते शोधत होतो.

"माझाच आहे, काका."

"नाही, स्वतःच्या फोनचा नंबर माणूस झोपेतसुद्धा दाबतो."

लॉक उघडलं. बँकेचं ॲप उघडलं आणि लगेच मिटलं. 'आपले डिव्हाइस सुरक्षित नाही.' काल रात्रीपर्यंत चालत होतं, पहाटे अपडेट आलं. काकांनी ते वाक्य रांगेच्या शेवटापर्यंत पोचेल असं वाचून दाखवलं.

आता माझी खरी जळजळ. माझ्या आईचा फोन सात वर्षांचा आहे. 2021 नंतर त्याला एकही सुरक्षा अपडेट नाही. त्यात भजनांची तीन ॲप आहेत आणि तिन्हींना कॅमेरा लागतो. तिथे याच बँकेचं ॲप सुखाने नांदतंय. माझ्या फोनला दुरुस्त्या वेळच्या वेळी येतात, बूटलोडरला, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या प्रोग्रामला, कुलूप आहे, पण मी असुरक्षित! कारण ॲप कुलूप बघतच नाही. प्ले इंटिग्रिटी नावाच्या यंत्रणेतून ते गुगललाच विचारतं, 'हा आपल्यातला का?' नाही म्हटलं की वाळीत. बँकेला फोन केला तर तिथली मुलगी म्हणाली, "सर, फोन बंद करून चालू करा." माझा फोन अठरा तास उघडला नाही तर आपला आपणच बंद होऊन चालू होतो, बाई.

असो. गल्ल्यावर होतो.

"लपवण्यासारखं आहे तरी काय तुमच्याकडे?" काका.

"काही नाही."

"मग?"

या 'मग?'ला उत्तर नाही. तरी मी प्रयत्न केला. "अहो, साधं टॉर्चचं ॲप आपले कॉन्टॅक्ट मागतं."

"मग द्यायचे! विजेरीला काय घाबरायचं?"

रांग हसली. गल्ल्यावरचा दादाही हसला. 2016 साली नोटाबंदीच्या रांगेत उभं राहून मी कानाला खडा लावला होता की खिशात रोख ठेवायची. खडा कुठे पडला कोण जाणे. शेवटी काकांनीच स्वतःचा फोन पुढे केला, स्पीकरने दोनशे साठ मिळाल्याची दवंडी पिटली आणि चौकशी सुरू झाली.

"नाव? आडनाव? मूळचे कुठले? निफाड? निफाडात कुठे? म्हणजे शाळेत होते ते तुमचे कोण? चुलते! घर स्वतःचं का भाड्याचं? हप्ता किती? मुलगी एकच? पार्सलला तर्री जास्त सांगितलीत, शुगर नाही ना?"

माझ्या फोनमध्ये प्रत्येक ॲपला नेट द्यायचं की नाही, कॉन्टॅक्ट कोणते दाखवायचे, हे एकेक ठरवता येतं. काकांपुढे मी सगळं सांगितलं. मोबाइल नंबरसुद्धा. तो त्यांनी माझ्यासमोर 'मिसळ उधारी' या नावाने सेव्ह केला.

दुपारी तीनला फोन आला. "सोय झाली का?" संध्याकाळी एटीएममधून पाचशेची नोट काढून मी इंदिरानगरला गेलो. दार काकूंनी उघडलं. मी तोंड उघडायच्या आत त्या आत वळून म्हणाल्या, "अहो, ते आलेत बघा. निफाडचे, हप्तेवाले." आणि मग माझ्याकडे बघून, "चहा बिनसाखरेचा टाकते हं."