मासा ‘मागे लागतो’ म्हणून त्याला सिरपूरला सोडू नका

गेल्या आठवड्यात सकाळी साडेसातला इंदूरच्या रामबागेतून आत्याचा फोन आला. “अरे, लाल्या चांदीला मारून टाकतोय. मी त्याला बादलीत काढलंय. आज अमावास्या आहे, संध्याकाळी सिरपूरला सोडून येऊ. तू गाडी घेऊन ये.”

लाल्या आणि चांदी हे तिच्या टाकीतले गोल्डफिश, सिरपूर हा इंदूरचा तलाव. संध्याकाळपर्यंत थांबवेना, लगेच गेलो. बादलीच्या तळाशी लाल्या तोंड वासून पडला होता. पाणी हळदीने पिवळं, बुडाशी खडेमीठ, हवेचा पंप नाही. टाकीत चांदी कोपऱ्यात शांत उभी. आणि हायड्रिला या पाणवनस्पतीच्या काड्यांवर राजगिऱ्याच्या दाण्याएवढे पारदर्शक मणी चिकटलेले, शंभर तरी असतील. चांदीने अंडी घातली होती. लाल्या तिला मारत नव्हता, त्या अंड्यांचा तो बाप होता.

हे सगळं झालं एका मेसेजमुळे. तुमच्याही ग्रुपवर आला असेल, माझ्याकडे तर तीनदा आलाय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: टाकीत एक मासा दुसऱ्याच्या मागे लागला तर ते वैर आहे, मागे लागणाऱ्याच्या गालावर पांढरे ठिपके दिसले तर त्याला रोग आहे, हळद-मीठ घाला, झाडांवर चिकट दाणे दिसले तर ती बुरशी आहे, टाकी रिकामी करून धुवा, आणि तो मासा घरावरचं संकट अंगावर घेऊन बसलाय, त्याला अमावास्येला तलावात सोडा.

आधी वैराचं बघू. गोल्डफिश एरवी भांडकुदळ नाही. नर मादीच्या मागे लागतो तो वासामुळे. मादीची अंडी पिकून सुटली की तिच्या अंगातून प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य पाण्यात उतरतं आणि नर ते नाकाने टिपतो. नॉर्मन स्टेसी आणि पीटर सोरेन्सन या शास्त्रज्ञांनी १९७० आणि ८०च्या दशकांत गोल्डफिशवरच हे काम केलं. पोटात पिकलेलं एकही अंडं नसलेल्या मादीला हे द्रव्य टोचलं, तरी ती अंडी घालण्याच्या हालचाली करते आणि नर तिच्यामागे धावतात. मग यात वैर कुठून आलं?

आणि वेळ बघा. इंदुरात जानेवारीची थंडी सरली, दुपारी ऊन चटकायला लागलं की पाणी कोमट होतं. थंडीनंतरची ही ऊब म्हणजे गोल्डफिशचा हंगाम. आत्याने आदल्या दिवशी तिसरा हिस्सा पाणी बदललं होतं. ताज्या पाण्यानेही बऱ्याचदा हेच होतं. पाठलाग पहाटेपासून सुरू होतो. नर मादीच्या शेपटीकडच्या पोटाला तोंडाने ढुशा देत तिला झाडाकडे रेटतो, ती अंडी सोडते, तो त्यांवर आपलं बीज सोडतो. काही तासांत सगळं शांत होतं आणि मग दोघं शेजारी-शेजारी दाणे खातात. आत्याने हे दहा मिनिटं नीट पाहिलं असतं, तर तिला कोणाच्या मेसेजची गरजच पडली नसती. दोन मुलांची बाळंतपणं स्वतःच्या हाताने निभावलेली बाई आहे ती.

आता ते ठिपके. मी लाल्याला ओंजळीत धरून आत्याला दाखवलं. कल्ल्यांच्या झाकणांवर बारीक पांढरे कण, आणि छातीजवळच्या परांच्या पुढच्या काठावर एक ओळ. बाकी अंग स्वच्छ. हंगामात आलेल्या नर गोल्डफिशची ही खूण आहे, हंगाम सरला की कण जातात. पांढऱ्या ठिपक्यांचा खरा रोग असतो, नाही असं नाही. पण त्यात मीठ भुरभुरल्यासारखे ठिपके अंगभर, शेपटीवर, परांवर कुठेही येतात आणि मासा दगडांना अंग घासतो. मोजून घातलेलं मीठ काही दुखण्यांत वापरतात, हेही खरं. पण निरोगी माशाच्या बादलीत मूठभर खडेमीठ टाकणं हा इलाज नव्हे. हळदीची पूड तर पाण्यात विरघळतही नाही, ती माशाच्या कल्ल्यांत जाते.

चिकट दाण्यांबद्दल एवढंच: पारदर्शक असेल ते जिवंत अंडं, दुधासारखं पांढरं पडून कापूस धरतं ते वाया गेलेलं. टाकी रिकामी करून नळाचं पाणी भराल, तर अंडी जातीलच, पण त्या क्लोरीनने मोठे मासेही जातील.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. पाठलागाने मासा मरू शकतो. फायटर जातीच्या माशाचे दोन नर एका भांड्यात ठेवले तर ते एकमेकांना फाडतात. फायटरची अंडी झाल्यावर मादी तिथेच राहिली तर नर तिलाही सोडत नाही. गप्पी या छोट्या माशांत नर जास्त आणि माद्या कमी असल्या तर माद्या दमून मरतात. गोल्डफिशमध्येही तीन-चार नर एकाच मादीमागे दिवसभर लागले की तिचे खवले निघतात. अशा वेळी मध्ये जाळी घाला, नाहीतर मादीला दोन दिवस वेगळं ठेवा, टाकीच्याच पाण्यात आणि पंप लावून. तेव्हा दोघांना वेगळं करण्यात आत्याचं काही चुकलं नव्हतं. पुढे जे केलं ते मेसेजने करायला लावलं.

आणि त्या मेसेजमधली सगळ्यांत वाईट ओळ तलावाची आहे. संकट अंगावर घेणाऱ्या माशावर कोणाची श्रद्धा असेल, तर मी त्यावर वाद घालत नाही. पण सिरपूरचा तलाव कोणाच्या घरातलं नको असलेलं टाकण्याची जागा नाही. २०२२ साली सिरपूर आणि यशवंत सागर, आपल्या इंदूरच्या दोन पाणथळ जागा जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेल्या. हिवाळ्यात तिथे लांबून पक्षी येतात. गोल्डफिश मूळचा चीनचा. तो तळाचा चिखल उकरतो, पाणी गढूळ करतो, पाणवनस्पती आणि इतर माशांची अंडी खातो. टाकीत वीतभर राहणारा मासा मोकळ्या पाण्यात फूटभर होतो. अमेरिकेतल्या मिनेसोटामध्ये बर्न्सव्हिल नावाचं शहर आहे. तिथल्या केलर तलावात २०२१ साली फुटबॉलएवढे गोल्डफिश सापडले, तेव्हा पाळीव मासे तलावात सोडू नका म्हणून शहराला लोकांना विनवावं लागलं. फार लांबचं वाटतंय? २०२० साली वाराणसीला गंगेत सकरमाउथ सापडला. दक्षिण अमेरिकेतला मासा, आपल्याकडे दुकानात काच साफ करणारा म्हणून मिळतो. तो गंगेपर्यंत चालत गेला नाही, माणसांनी सोडलेल्या माशांतूनच तो नद्यांत पसरलाय.

बरं, सोडलेला मासा तरी सुखात राहतो का? ज्याला आयुष्यभर हातातून दाणे मिळाले, असा लालभडक मासा उथळ पाण्यात बगळ्याला किती लांबून दिसेल? टिकलाच तर टाकीतले रोग तलावात पोचवणार. मासा नको झाला असेल तर दुकानदाराला परत द्या, टाकी असलेल्या ओळखीच्याला द्या.

लाल्याला क्लोरीन काढलेल्या पाण्यात ठेवून पंप लावला, दुपारपर्यंत सावरला. मोठे मासे स्वतःचीच अंडी खातात, म्हणून अंड्यांच्या काड्या वेगळ्या टबात घेतल्या. चौथ्या दिवशी टबाच्या कडेला पापणीच्या केसाएवढी पिल्लं चिकटलेली दिसली. आत्या भिंग घेऊन मोजत बसली.

मग तिने स्वतःहून फोन हातात घेतला. तो मेसेज तिने सात जणींना पुढे पाठवला होता. एकेकीला फोन करून सांगितलं. सहा जणींनी अजून काही केलं नव्हतं. देवासच्या काकूंनी त्यांचा मासा अमावास्येलाच सोडून दिला होता.