दही खाल्लं की मणका वाचतो म्हणे!

"रोज दही, ताक, इडली, लोणचं खा, मणक्याला कितीही मार बसला तरी स्पायनल कॉर्डला काही होत नाही, अमेरिकेत सिद्ध झालंय, डॉक्टर हे सांगणार नाहीत, अपघात झालेला दिसला तर लगेच ग्लासभर ताक पाजा." हा फॉरवर्ड सध्या प्रत्येक फॅमिली ग्रुपवर फिरतोय. (स्पायनल कॉर्ड म्हणजे मणक्यांच्या आतून जाणारा मज्जारज्जू.) गंमत म्हणजे याच्या मुळाशी खरंच एक चांगला अभ्यास आहे, आणि त्याची पार वाट लावलीय.

'अमेरिकेत सिद्ध झालंय'. 2016 मध्ये ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीतल्या फिलिप पोपोविच यांच्या टीमचा पेपर आला होता, पण प्रयोग उंदरांवर. स्पायनल कॉर्डला मार बसला की आतड्यांना जाणारे सिग्नलही बिघडतात, तिथल्या बॅक्टेरियांचं गणित विस्कटतं, आतड्याचं अस्तर गळकं होतं आणि सूज वाढवणारी रसायनं वाढतात. त्यांनी काही उंदरांना मार बसायच्या आधीच अँटिबायोटिक देऊन पोटातले बॅक्टेरिया बिघडवले, तर त्या उंदरांची रिकव्हरी आणखी वाईट झाली, आणि दुसऱ्या काही उंदरांना प्रोबायोटिक, म्हणजे पोटाला उपयोगी समजले जाणारे जिवंत बॅक्टेरिया, दिलं तर मागचे पाय जरा बऱ्यापैकी चालायला लागले. जरा! उठून पळायला नाही लागले. पोट आणि मणका यांचा संबंध आहे एवढं यातून कळलं, आणि ही छोटी गोष्ट नाहीये, पण माणसाचं काय होईल ते यातून कळत नाही.

'रोज खा म्हणजे आधीच संरक्षण'. हे तर सरळ उलटं आहे. प्रोबायोटिक मार बसल्यानंतर सुरू केलं होतं आणि पुढे 35 दिवस रोज दिलं. आधीपासून खाऊ घालून कॉर्ड वाचली असं कुणी म्हटलेलंच नाही. आणि दिलं काय, तर व्हीएसएल#3 नावाचं आठ जातींचे बॅक्टेरिया मोजून घातलेलं तयार प्रॉडक्ट, वाटीभर दही नव्हे.

आता ती इडली. पीठ रात्रभर फुगतं तेव्हा त्यात बॅक्टेरिया जिवंत असतात, मान्य, पण नंतर आपण ते पात्रात घालून दहा-बारा मिनिटं वाफवतो ना? मेले सगळे. ढोकळा, आंबोळी, उकळलेली कढी, सगळ्यांची तीच गत. आपलं तेल-मोहरीचं कैरीचं लोणचं तर बहुतेक वेळा मीठ, तेल आणि आंबटपणावर टिकतं, ते प्रोबायोटिक म्हणून कुणी खाऊ नये, वरणभाताबरोबर खावं. घरच्या दह्यात जिवंत बॅक्टेरिया असतात, पण कुठल्या जातीचे आणि किती ते विरजण देणाऱ्या शेजारच्या काकूंनाही माहीत नसतं. दही चांगलंच आहे हो, जेवण म्हणून.

'डॉक्टर सांगणार नाहीत'. अहो, डॉक्टरांनीच तपासलंय. इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल हॉस्पिटलमध्ये स्पायनल इंजरीच्या ज्या पेशंट्सना अँटिबायोटिक चालू होतं त्यांना याकुल्ट या प्रोबायोटिक पेयातला बॅक्टेरिया देऊन बघितला, 2014 मध्ये रिझल्ट छापले, अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाब 17 टक्क्यांना झाले आणि न घेणाऱ्यांत 55 टक्क्यांना. भारीच वाटलं, पण नंतरच्या मोठ्या ट्रायलमध्ये तो फायदा दिसला नाही. ऑस्ट्रेलियात स्पायनल इंजरीच्या 207 जणांवर युरिन इन्फेक्शन टाळायला प्रोबायोटिक ट्राय केलं, तिथेही उपयोग नाही. आणि यातलं काहीच कॉर्डचं नुकसान कमी होतं का हे बघायला केलेलं नव्हतं.

'नुकसान तर काही नाही ना' असं खाली कुणीतरी लिहितंच. नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाला गंभीर सूज आलेल्या पेशंट्सना प्रोबायोटिक दिलं तर त्या गटात मृत्यू 16 टक्के झाले, दुसऱ्या गटात 6 टक्के, 2008 ची गोष्ट. आजार वेगळा आहे, तरी आयसीयूतल्या माणसाला घरून डब्यातून काही नेऊन भरवायच्या आधी ट्रीटिंग डॉक्टरला विचारा.

आणि ते ग्लासभर ताक, सगळ्यात डेंजर लाइन तीच. पडलेल्या माणसाला पाजायला डोकं उचललं की मान हलते, मणका मोडला असेल तर कॉर्डला त्याच क्षणी आणखी इजा होऊ शकते, वर तो अर्धवट शुद्धीत असेल तर ताक श्वासनलिकेत जायचं, आणि ऑपरेशन लागलं तर भूल द्यायच्या वेळी भरलेलं पोट वेगळाच ताप. काही पाजू नका, हात-पाय धरून उचलून रिक्षात कोंबू नका, जागेवर आगीबिगीचा धोका नसेल तर डोकं-मान आहे तशी दोन्ही हातांनी स्थिर धरून ठेवा आणि दुसऱ्या कुणाला तरी 108 लावायला सांगा.