कमरेवर ओढलेला हात रिकामा नसतो

कराटेतल्या गेदान बराईने, म्हणजे हात खाली झाडून केलेल्या ब्लॉकने, किक अडत नाही. सरळ, जोरात आलेल्या माए गेरीला (समोरून मारलेल्या किकला) आडवा हात घालून बघा. एका बाजूला तुमच्या मनगटाजवळचं बारीक हाड, दुसऱ्या बाजूला समोरच्याची नडगी आणि तिच्यामागे त्याच्या मांडीची सगळी ताकद. कोणाचं हाड मोडणार हे सांगायला ब्लॅक बेल्ट लागत नाही. तरीही आपल्याकडे कित्येक क्लासमध्ये पहिल्या महिन्यात पोरांना हेच सांगतात: गेदान बराईने किक अडवायची, आगे उकेने डोक्यावरचा फटका अडवायचा. आणि दुसरा हात मूठ वळून कमरेवर का ओढायचा असं एखाद्या चौकस पोराने विचारलंच, तर उत्तर ठरलेलं: "पॉवर येते."

थोडीफार येतेही. पण समोर माणूस उभा असताना निम्मे हात कमरेवर ठेवायचे, हनुवटी उघडी टाकायची, आणि ही पद्धत शेकडो वर्षं टिकते, हे पटतं का? हिकिते म्हणजे कमरेवर येणारा हा हात कातामध्ये (हालचालींच्या ठरलेल्या साखळीत) काहीतरी धरून ओढत असतो. मनगट, बाही, कॉलर, केस, मान. हे एकदा ध्यानात आलं की अर्धा काता वेगळाच दिसायला लागतो. त्याचं कारण चीनच्या फुजियान प्रांतात आहे, म्हणून थोडा इतिहास.

ओकिनावा आज जपानचा भाग असला तरी १८७९ पर्यंत तिथे र्युक्यूचं वेगळं राज्य होतं. १३९२ पासून फुजियानमधली कुटुंबं नाहाजवळच्या कुमे गावात वसलेली, र्युक्यूची खंडणीची जहाजं फूचौ बंदरात जायची, आणि तिथे र्युक्यूच्या लोकांना राहायला स्वतंत्र वाडा होता. व्यापारी, दुभाषे, विद्यार्थी यांची सतत ये-जा. त्या रस्त्याने कागद, चहा, औषधं आली तशी हातघाईची विद्याही आली. १७६२ मध्ये र्युक्यूचं एक जहाज वादळाने भरकटून जपानच्या तोसा प्रांतात लागलं. तिथल्या एका सामुराई विद्वानाने जहाजावरच्या लोकांकडून ऐकलेलं लिहून ठेवलं. त्यात कुशांकू नावाच्या चिनी माणसाचा उल्लेख आहे: अंगाने किरकोळ, पण एक हात छातीशी ठेवून दुसऱ्या हाताने डाव टाकायचा, पायांची कात्री लावायचा आणि दांडग्या माणसाला आडवा करायचा. लक्षात घ्या, कराटेशी जोडला जाणारा हा इतका जुना लेखी उल्लेख ठोशालाथांचा नाही, झोंबाझोंबीचा आहे.

पुढे ओकिनावाच्या कराटे गुरूंपैकी हिगाओन्ना कान्र्यो फूचौला जाऊन शिकून आले. उएची कान्बुन १८९७ मध्ये गेले आणि दहा वर्षांहून जास्त राहिले. मियागी चोजुन १९१५ मध्ये जाऊन आले. ओकिनावात हाताने उतरवून घेतलेली 'बुबिशी' नावाची चिनी पोथी गुरूकडून शिष्याकडे फिरायची. तिच्यात श्वेत बगळा या चिनी युद्धपद्धतीची माहिती, औषधांचे पाठ, मर्मस्थानं, आणि दोन माणसांच्या झटापटीची ४८ चित्रं आहेत. त्या चित्रांतली माणसं एकमेकांना धरतात, पाय उचलून पाडतात, हात पिरगाळतात. मनगटाला मनगट लागेल इतक्या अंतरावरचं हे भांडण आहे.

मग हे सगळं गेलं कुठे? शाळेत गेलं. ओकिनावाचेच गुरू इतोसु आंको यांनी १९०१ च्या सुमारास ओकिनावातल्या शाळेत कराटे आणलं, पोरांसाठी पाच पिनान काता बसवले, आणि १९०८ मध्ये शिक्षण खात्याला दहा कलमांचं पत्र लिहून त्याचे फायदे पटवून दिले. वर्गातल्या मुलांना डोळ्यात बोटं घालायला आणि कोपर मोडायला कोण शिकवेल? उघडे पंजे मिटले, ओळीत उभं राहून आकड्यावर हात मारायची कवायत झाली आणि प्रत्येक हालचालीला "ब्लॉक", "पंच" असं सोपं नाव पडलं. १९२२ मध्ये ओकिनावाचे फुनाकोशी गिचिन टोकियोला गेले, तिथे विद्यापीठांच्या क्लबांत दोन-अडीच मीटरवरून सुटे वार करायची कुमिते (जोडीची लढत) वाढली. १९३६ मध्ये नाहाला जमलेल्या गुरूंनी कराटेच्या 'चिनी हात' अशा नावातलं 'चिनी' काढून 'रिकामा' करण्यावर शिक्कामोर्तब केलं. त्या काळच्या जपानात ते न करून चाललंही नसतं. मला यात कोणाचा कट दिसत नाही. इतोसुंनी शाळेत नेलं म्हणून तर कराटे जगलं. फक्त शाळेसाठी केलेली सोपी आवृत्ती मूळ समजून सेल्फ डिफेन्स म्हणून विकायची, हे मात्र चालणार नाही.

आता प्रत्यक्ष. डावा गेदान बराई घ्या. तयारीत डावी मूठ उजव्या कानाजवळ, उजवा हात पुढे खाली. मग डावा हात खाली येतो, उजवा कमरेवर जातो, डावा पाय पुढे.

समोरच्याने त्याच्या उजव्या हाताने तुमचं उजवं मनगट धरलंय. तुमचा पंजा त्याच्या मनगटावरून बाहेरच्या बाजूने फिरवून त्याचं मनगट पकडा. डावा हात कानाजवळ येतो तो आधी चेहरा झाकायला, कारण त्याचा दुसरा हात मोकळा आहे. आता उजवा हात कमरेच्या हाडापर्यंत ओढा आणि तिथे चिकटवून ठेवा. ओढताना त्याचं कोपर वरच्या बाजूला वळलं पाहिजे. त्याच वेळी डावा पाय त्याच्या उजव्या खांद्याच्या बाहेरच्या अंगाला टाका आणि डावा हात त्याच्या कोपराच्या किंचित वर, दंडाच्या मागच्या बाजूला दाबत खाली न्या. त्याचा खांदा खाली जातो, डोकं खाली जातं. झेनकुत्सु दाची या लांब पवित्र्यातला पुढे वाकलेला गुडघा इथे कामाला येतो, कारण दाबायचं शरीराच्या वजनाने, हाताने नाही.

बिघडतं कुठे? सगळ्यात जास्त वेळा हात कोपराच्या खाली पडतो. मग तो आरामात कोपर दुमडतो आणि तेच तुमच्या तोंडावर येतं. दुसरं, हिकिते कमरेपर्यंत न येता पोटासमोर हवेत राहतो. त्याच्या हातात ढील राहिली की कुलूप (सांधा अडकवणारी पकड) लागत नाही. तिसरं, पाय त्याच्या दोन्ही पायांच्या मध्ये पडतो, म्हणजे तुम्ही त्याच्या मोकळ्या डाव्या हातासमोर छाती उघडी करून उभे. आणि चौथं, तो तुमच्यापेक्षा वीस किलोने जड असेल आणि सावध असेल, तर नुसतं ओढून काही होत नाही. आधी तोंडावर किंवा गळ्यावर काहीतरी लागलं पाहिजे, तो दचकलेला असतानाच हात ओढला जातो. पकडीआधी वार, हा क्रम जुन्या चिनी पद्धतींतही दिसतो. कुलूप लावायला जाऊन अडकलात तर सोडा आणि मारा. अडकलेल्या हाताच्या मागे लागणं हा शिकाऊ माणसाचा हट्ट असतो.

शोतोकानच्या हेइआन शोदान या कातामध्ये (इतर शैलींत याला पिनान निदान म्हणतात) उजव्या बाजूला वळून गेदान बराई झाली की लगेच एक विचित्र हालचाल येते: पुढचा पाय अर्धा मागे घेत उजवा हात झटक्याने ओढून, वरून गोल फिरवून हातोड्यासारखी मूठ मारायची. यलो बेल्टच्या परीक्षेत पोरं हे पाठ म्हणतात तसं करून दाखवतात. हा मनगट सोडवायचा डाव आहे, तोच जो कॉलेजातल्या दोन दिवसांच्या शिबिरात मुलींना "अंगठ्याच्या फटीतून हात काढा" म्हणून शिकवतात. शिबिरात शिकलेला तो डाव पुढे फसतो, कारण तिथे धरणारा माणूस पुतळ्यासारखा उभा असतो. खऱ्या प्रसंगात तो धरून चालायला लागतो, बहुधा खेचतच. कातातलं उत्तर नीट बघा: हात आणि पाय एकाच वेळी मागे येतात. हात एकटा ओढलात तर तुमचा बायसेप विरुद्ध त्याचं सगळं वजन. तो खेचतच असेल तर पहिलं पाऊल त्याच्याच दिशेने टाका, पकड क्षणभर सैल पडते, तेव्हा कंबर खाली, कोपर बरगडीला चिकटवून वळा आणि मग ओढा. सुटलेला हात मूठ होऊन परत येतो तो नाकावर किंवा गळ्याच्या हाडावर. नुसता हात सोडवून थांबलात तर तो पुन्हा धरणार.

नाइहांची हा काता मला याहून आवडतो, कारण त्यात लपवण्यासारखं फार काही नाही. उजवा पंजा उघडा बाजूला जातो, मग डावं कोपर येऊन त्याच पंजावर आपटतं. आपल्याच तळहातावर कोपर मारायला कोण जातो? तो पंजा समोरच्याच्या मानेमागे आहे. डोकं धरून कोपराकडे आणायचं. पुढची हालचाल, दोन्ही मुठी उजव्या कमरेवर एकावर एक, म्हणजे धरलेलं डोकं खाली कमरेकडे ओढणं. ओकिनावाचे मोतोबु चोकी आयुष्यभर या एका कातावर भर देत राहिले, आणि १९२६ च्या त्यांच्या पुस्तकातल्या जोडीच्या कवायतींचे फोटो पाहिले तर दोघे जण एकमेकांच्या श्वासाच्या अंतरावर दिसतात.

या सगळ्याचा पाया सानचिन हा काता. फुजियानच्या अनेक पद्धतींत याच नावाचा आणि याच ढाच्याचा काता आजही आहे. उएची-र्यू शैलीत तो उघड्या पंजांनी करतात, गोजू-र्यू शैलीत मूठ मिटून. पुढच्या पायाची टाच मागच्या पायाच्या बोटांच्या रेषेत, पाय खांद्याइतके रुंद, कोपर बरगडीपासून साधारण एक मूठ दूर. इथे लोक घसा आवळून, तोंड लाल करून श्वास रोखतात. त्याने रक्तदाब चढतो, आणि अंग इतकं ताठ होतं की कोणी बाजूने ढकललं तर खांब पडावा तसा माणूस पडतो. ताण काखेखाली, पोटात आणि मांड्यांत हवा. खांदे आणि गळा सैल.

सानचिनमध्ये जे साठवलं ते काकिए या जोडीच्या कवायतीत वापरायचं. दोघांचे उजवे पाय पुढे, उजव्या मनगटांच्या बाहेरच्या बाजू एकमेकांना टेकलेल्या. एकाने तळहाताने छातीकडे ढकलायचं, दुसऱ्याने संपर्क न सोडता ते वळवून परत ढकलायचं. दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिनिटं, डोळे मिटून केलं तर आणखी चांगलं. बगळ्याच्या चिनी पद्धतीतल्या चिकटत्या हातांशी याचं नातं उघड आहे. समोरचा कधी ढकलणार आणि कधी ओढणार हे कातडीला आधी कळायला लागतं. हे न करता बुनकाई (कातातल्या हालचालींचा प्रत्यक्ष वापर) शिकलात तर ती फक्त नृत्यदिग्दर्शन.

आता थोडं अप्रिय. "कराटे मूळचं भारतीय, बोधिधर्माने शाओलिनमध्ये शिकवलं" हा फॉरवर्ड दर महिन्याला येतो. बोधिधर्माशी जोडला जाणारा व्यायामाचा चिनी ग्रंथ १७व्या शतकातला आहे, म्हणजे त्याच्यानंतर हजारेक वर्षांनी लिहिलेला. अभिमान बाळगायला आपल्याकडे मल्लखांब आहे, कुस्ती आहे, मर्दानी खेळ आहे. उलट बाजूने "कराटे म्हणजे नुसती चिनी नक्कल" हेही खोटं. ओकिनावाची स्वतःची कुस्ती होती, स्वतःची हाताची विद्या होती, आणि पिनान, तेन्शो हे काता तिथेच बसवले गेले. आणि मर्मस्थानांचे ते रंगीत तक्ते, अमुक प्रहराला अमुक बिंदू दाबला की माणूस कोसळतो वगैरे, भिंतीवरच राहू द्या. घाबरलेल्या, घामेजल्या, हलणाऱ्या माणसावर दोन सेंटिमीटरचा बिंदू सापडत नाही. डोळा, गळा, जांघ, गुडघा सापडतात.

सराव कसा करायचा, तर एक डाव घेऊन आधी दहा वेळा प्रत्येक बाजूने, जोडीदार विरोध न करता. मग त्याने खेचायचं. मग त्याने मोकळ्या हाताने हलके ठोसे मारायचे, हातमोजे घालून. तिसऱ्या पायरीवर निम्मे डाव मोडतात, तेव्हा अंतर आणि पाऊल सुधारा, नवा डाव शोधू नका. कधीतरी गी (कराटेचा पोशाख) काढून टी-शर्ट, कुर्ता, चपला घालून करा. टी-शर्टची बाही धरून ओढली की फाटते, तिथे दंड धरावा लागतो. सोळा वर्षांखालच्या पोरांना कोपराची कुलपं शेवटपर्यंत ताणू देऊ नका, टॅप केल्यावर सोडायची सवय पहिल्या दिवसापासून. चाकूवर यातलं काहीही शिकवू नका, तिथे पळायचंच. आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३७ मध्ये बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची मुभा नाही, हेही शिबिरात पाच मिनिटं सांगा. माणूस खाली पडला आणि धोका संपला, की पुढची लाथ बचावात धरली जात नाही.