कलकत्ता कपवरील लेखाला आलेल्या प्रतिक्रियेस उत्तर

आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. सिक्स नेशन्स या युरोपातील सहा देशांच्या रग्बी स्पर्धेतील चषकांवरच्या माझ्या लेखात तीन दोष आपण दाखवले आहेत. त्यांपैकी एक मला मान्य आहे: फ्रान्स आणि इटली यांच्यातील गॅरिबाल्डी चषक 2000 साली नव्हे, तर 2007 साली सुरू झाला. इटली स्पर्धेत 2000 साली आली, आणि माझ्या हातून दोन वर्षांची सरमिसळ झाली. दुरुस्ती केली आहे. देशांच्या प्रत्येक जोडीला एकेक चषक देणे ही निव्वळ जाहिरातबाजी आहे, हे आपले मत आपल्यापाशीच राहो.

परंतु इंग्लंड-स्कॉटलंड सामन्याच्या विजेत्याला मिळणाऱ्या कपाविषयीचे आपले ‘कलकत्ता कपाचा भारताशी संबंध केवळ नावापुरता असून त्याचे गोडवे गाणे ही गुलामी आहे’ हे वाक्य मला झोंबले, आणि मतापेक्षाही त्यातील तुच्छतेचा सूर अधिक झोंबला. मी मुंबईत बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर भर पावसाळ्यात, घोटाभर चिखलात रग्बी खेळलो आहे आणि नंतर अकरा वर्षे एडिंबरात राहिलो आहे. हा खेळ कोणाच्या ओंजळीने पाणी पिऊन मी शिकलेलो नाही.

आता त्या ‘नावापुरत्या’ संबंधाविषयी. कलकत्त्यातील रग्बी क्लब 1873 साली स्थापन झाला. तो इंग्रजांचा होता, हे मी लेखातच लिहिले होते. आपण तेवढे वाचण्याची तसदी घेतली असती तर बरे झाले असते. पुढे सभासद पोलो आणि टेनिसकडे वळले व क्लब मोडला. तेव्हा बँकेतील शिल्लक काढून चांदीचे 270 रुपये वितळवण्यात आले आणि त्यातून हा कप घडला. त्याच्या तिन्ही कड्या म्हणजे फणा काढलेले नाग आहेत आणि झाकणावर हत्ती उभा आहे. ते नक्षीकाम भारतीय कारागिरांच्या हातचे आहे. ज्या रुपयांनी येथे बाजारहाट होत असे, त्याच रुपयांची ही चांदी आहे. तिला परकी ठरवून आपण नेमका कोणाचा मान राखता?

इंग्लंड आणि स्कॉटलंड 10 मार्च 1879 रोजी एडिंबरातील रेबर्न प्लेस मैदानावर या कपासाठी प्रथम खेळले आणि तो सामना बरोबरीत सुटला. फेब्रुवारी 2024 मध्ये मी एडिंबरातील मरीफील्ड मैदानावरच्या गर्दीत होतो. स्कॉटलंडच्या डुहान फान डर मर्वेने तीन ट्राय केले (म्हणजे तीनदा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे टेकवला), स्कॉटलंडने 30-21 असा विजय मिळवला, आणि शेजारचे म्हातारे गृहस्थ माझा हात धरून रडत होते. त्यांना मी त्या चांदीची हकिगत सांगितली, तेव्हा त्यांनी ती मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावली.

माझ्या लेखातील कोणत्या वाक्यात आपल्याला गुलामी दिसली, ते वाक्य जसेच्या तसे येथे लिहावे. मी त्याचे उत्तर देईन. तसे वाक्य नसेल, तर तो शब्द आपण मागे घ्यावा.