सर्व्हर मुंबईत असला म्हणून

पुण्यातल्या छोट्या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. सार असं: जीडीपीआर (युरोपीय संघाचा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा) आणि युरोपचा एआय कायदा ही गूगल-मेटाची डोकेदुखी. आपलं ऑफिस बाणेरला, सर्व्हर मुंबईत, म्हणून ते आपल्याला लागूच नाहीत. आपण क्लायंट सांगेल तेवढं करतो, जबाबदारी त्याची. नावं काढली की डेटा निनावी. एआय कायदा तर पुढेच ढकललाय. शेवटी 'वकिलांवर पैसे घालवू नका' असा सल्ला आणि हात जोडलेली इमोजी.

आधी ऑफिस-सर्व्हरचं बघू. जीडीपीआरचं तिसरं कलम पत्ता विचारत नाही. युरोपीय संघातल्या माणसांना माल किंवा सेवा देऊ केली, किंवा त्यांच्या तिथल्या वागण्यावर नजर ठेवली, की कंपनी कुठलीही असो, कायदा लागू. क्लिअरव्ह्यू एआय ही इंटरनेटवरच्या फोटोंवरून चेहरे ओळखणारी अमेरिकी कंपनी, युरोपात तिचं ऑफिस नाही. तरी २०२२ मध्ये इटली, ग्रीस आणि फ्रान्सने तिला प्रत्येकी २ कोटी युरोंचा दंड ठोठावला, २०२४ मध्ये नेदरलँड्सने ३.०५ कोटींचा. वसुली अवघड असते, मान्य. पण ज्याची गिऱ्हाईकंच युरोपात आहेत त्याला तेवढ्याने काय दिलासा मिळणार? लोकांचे पत्ते-फोन नंबर दाखवणाऱ्या लोकेटफॅमिली डॉट कॉम या संकेतस्थळाला तर २०२१ मध्ये डच नियामकाने ५,२५,००० युरो दंड केला, तो युरोपात अधिकृत प्रतिनिधी नेमला नाही एवढ्याचसाठी. एआय कायदा आणखी पुढे जातो: प्रणाली बाहेर चालली, पण तिचं फलित संघात वापरलं गेलं, तरी तो लागतो.

कुणी म्हणेल, भारताच्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात परदेशी लोकांच्या डेटावर कराराने काम करणाऱ्यांना बरीच सूट आहे. आहे. पण दिल्लीने दिलेली सूट बर्लिनला बांधील नाही.

'जबाबदारी क्लायंटची' हा मुद्दा सगळ्यात महागात पडणारा. डेडालस बायोलॉजी ही फ्रान्समधल्या पॅथॉलॉजी लॅबना सॉफ्टवेअर विकणारी कंपनी, म्हणजे आपल्यासारखीच, दुसऱ्याच्या डेटावर काम करणारी. दोन लॅबनी तिला जुन्या सॉफ्टवेअरमधून नव्यात डेटा हलवायला सांगितलं. तिने लागत होता त्याहून जास्त डेटा उपसला. हलवलेला डेटा ठेवताना एन्क्रिप्शन नाही, काम झाल्यावर तो आपोआप पुसण्याची सोय नाही. २०२१ मध्ये जवळपास ५ लाख रुग्णांची माहिती फुटली; त्यात एचआयव्ही, कॅन्सर, गर्भारपण अशा नोंदी होत्या. एप्रिल २०२२ मध्ये फ्रेंच नियामकाने १५ लाख युरो दंड केला, आणि तो लॅबना नाही, सॉफ्टवेअर कंपनीला. मायग्रेशनच्या वेळी 'सगळंच घेऊन ठेवू, नंतर लागेल' असं कितीदा म्हणतो आपण?

आता हीच सवय चॅटबॉटला जोडा. सपोर्टवरचा नवा मुलगा जर्मन ग्राहकाचं तिकीट, नाव-ईमेलसकट, स्वतःच्या फुकट खात्यातल्या चॅटबॉटमध्ये चिकटवतो आणि म्हणतो, 'याचं छान उत्तर लिही.' तेवढ्याने क्लायंटचा डेटा तिसऱ्याच कंपनीकडे गेला. जीडीपीआरच्या कलम २८ नुसार असा उपकंत्राटदार क्लायंटच्या लेखी परवानगीशिवाय आणता येत नाही. कराराच्या परिशिष्टातल्या यादीत ते नाव नसतं, आणि पुढच्या ऑडिटमध्ये पहिला प्रश्न त्यावरच येतो.

निनावीपणाचं थोडक्यात: नावाच्या जागी नंबर घातला आणि नंबर-नावाचा तक्ता तुमच्याकडेच ठेवला, तर तो डेटा वैयक्तिकच.

'पुढे ढकललंय' यात अर्धसत्य आहे. युरोपीय आयोगाने नोव्हेंबर २०२५ मध्ये अतिजोखमीच्या (उदा. नोकरभरतीच्या) प्रणालींच्या तारखा लांबवायचा प्रस्ताव मांडला. पण पूर्ण बंदी असलेल्या गोष्टी २ फेब्रुवारी २०२५ पासूनच बंद आहेत. कामाच्या ठिकाणी आवाजावरून किंवा चेहऱ्यावरून भावना ओळखणं त्यात येतं, अपवाद वैद्यकीय आणि सुरक्षेच्या कारणांचा. कॉल सेंटरच्या एजंटचा 'मूड' मोजणारं डॅशबोर्ड युरोपात विकायचा विचार असेल तर तो सोडा. आणि उमेदवारांचे बायोडेटा चाळणारं टूल? एआय कायद्याची वाट न बघताही ते अडकू शकतं. शुफा या जर्मन पतमापन संस्थेच्या खटल्यात ७ डिसेंबर २०२३ रोजी युरोपीय न्यायालयाने सांगितलं, की समोरचा मुख्यतः संस्थेने दिलेल्या गुणांवरच (स्कोअरवर) विसंबून निर्णय घेत असेल, तर गुण देणं हाच 'स्वयंचलित निर्णय', ज्यावर जीडीपीआरच्या कलम २२ ची बंधनं आहेत. 'आम्ही फक्त स्कोअर देतो, ठरवतो एचआर' हा बचाव त्यामुळे डळमळीत झाला.

मेसेजची एक बाजू मात्र खरी आहे: आकड्यांचा बाऊ होतो. ३.५ कोटी युरो किंवा ७ टक्के उलाढाल ही एआय कायद्याची कमाल. छोट्या उद्योगांना त्यातली कमी असेल ती मर्यादा. क्नुडेल्स या जर्मन चॅट कंपनीने पासवर्ड उघडे साठवले होते, तरी २०१८ मध्ये २०,००० युरोंवर निभावलं, कारण तिने स्वतःहून कळवलं आणि दुरुस्तीही केली. छोट्या कंपनीला बुडवेल ते करारातलं भरपाईचं कलम, ज्यावर कमाल रक्कम लिहिलेलीच नसते.

म्हणून वकिलाला पैसे द्या, पण त्या कलमासाठी. टूलांची यादी, कुठला डेटा कशात जातो, कधी पुसतो, हे एका शीटवर तुम्हीच लिहू शकता. डेटा फुटल्याचं कळल्यापासून क्लायंटला नियामकाकडे जायला ७२ तास असतात. तुम्हाला क्लायंटला कळवायला बरेच करार २४ च देतात. त्यामुळे शनिवारी रात्री क्लायंटचा फोन कोण उचलणार, त्याचं नावही त्याच शीटवर घाला.